अप्रभावी गुण नाहीसा का होत नाही?

प्रश्न : आई-वडील दोघांचाही रक्तगट ए असताना मुलाचा रक्तगट ओ असू शकतो का? आणि ओ हा गुण अप्रभावी, म्हणजे जोडीला दुसरे रूप असले की झाकला जाणारा, असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या तो मागे पडत जाऊन नाहीसा का होत नाही?

उत्तर : असू शकतो, आणि तेवढ्यावरून कोणी कोणाविषयी शंका घेणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. अपुऱ्या माहितीपोटी अशा शंका घेतल्या जातात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून आलेले असते. गुणसूत्रातील डीएनएच्या ज्या भागात एखादे प्रथिन घडवण्याची माहिती असते, तो भाग म्हणजे जनुक. एकाच जनुकाची जी वेगवेगळी रूपे आढळतात, त्यांना अलील म्हणतात. रक्तगटाचे हे जनुक नवव्या गुणसूत्रावर असून त्याची ए, बी आणि ओ अशी तीन प्रमुख रूपे आहेत. ए रूपापासून बनणारे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट शर्करा जोडते, बी रूपाचे विकर दुसरी जोडते, आणि ओ रूपात बहुधा डीएनएचे एकच अक्षर गळालेले असल्यामुळे पुढचा सारा मजकूर सरकून विकर निकामी होते. ज्याच्याकडे एक ए आणि एक ओ आहे, त्याच्या पेशींवर ए रूपाच्या विकराचे काम व्यवस्थित होते, म्हणून त्याचा रक्तगट ए ठरतो. ए-ओ ही जोडी त्याचा जीनोटाइप, तर तपासणीत आढळणारा ए गट हा फिनोटाइप. ए आणि बी एकत्र आल्यास दोन्ही शर्करा दिसतात, म्हणून ती रूपे परस्परांशी सहप्रभावी आहेत. ए-ओ जोडी असलेल्या दांपत्याच्या मुलाला दोघांकडून ओ मिळण्याची शक्यता २५ टक्के असते.

प्रभावी असणे आणि संख्येने अधिक असणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. ए-ओ व्यक्तीतला ओ झाकला जातो, पण नष्ट होत नाही; तिच्या निम्म्या बीजपेशींत (अंडपेशी किंवा शुक्रपेशींत) तो जसाच्या तसा उतरतो. आपण विचारलेलाच प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी उलट बाजूने पुढे आला होता : बोटे आखूड करणारा गुण प्रभावी आहे, तर मग बहुतेक माणसे आखूड बोटांची का होत नाहीत? गणितज्ञ हार्डी आणि वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले, की समूह मोठा असेल, जोड्या यदृच्छेने जमत असतील आणि निवड, उत्परिवर्तन (डीएनएमधील बदल) किंवा स्थलांतर आड येत नसेल, तर अलीलांचे प्रमाण पिढीमागून पिढी तेच राहते, मग ते प्रभावी असोत वा अप्रभावी.

प्रश्न : अशा दांपत्याची पहिली तीन मुले ए गटाची असतील, तर चौथे ओ गटाचेच होईल का?

उत्तर : नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता नव्याने २५ टक्केच असते, आधीच्या भावंडांचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला संकरित रोपांच्या ७,३२४ वाटाण्यांपैकी ५,४७४ गोल (प्रभावी) आणि १,८५० सुरकुतलेले (अप्रभावी) मिळाले. तीनास एक हे प्रमाण एवढ्या मोठ्या संख्येतच स्पष्ट होते. चार मुलांच्या कुटुंबात चारही जण ए गटाचे असण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के आहे.