घरी पोचायच्या दोन तारखा

सोलापूर, मे महिना

चि. सौ. मुलीस, अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "मॅडम, हा इथनं कधी गेलाच नव्हता असा वागतोय आणि मी माझ्याच घरात पाहुणी." पुढं काहीच नाही. हा म्हणजे तुझा नवरा, दोघं दोन वर्षं टांझानियात राहून परत आलात, तरी. फोन केला असता, पण फोनवर मी शिकवायला लागते आणि तू "हो मॅडम, हो मॅडम" करतेस. वर्गातली सवय, दोघींचीही. म्हणून कागद घेतला.

आज आमच्याकडं पाणी यायचा दिवस. पहाटे साडेतीनला नळ खाकरला, पिंप भरलं, हंडे भरले, आता झोप काही येत नाही. तुला एक गंमत सांगते. 2006 च्या मे महिन्यात आम्ही मलावीहून परत आलो. तिथं झोंबा गावाजवळ दोन वर्षं मी नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते आणि आमचे हे दवाखान्याच्या औषधसाठ्याचा हिशोब बघत होते. पाणी हातपंपाचं, रांगेतलं. नणंदेला वाटलं, बिचारीचे कष्ट संपले. आणि पहिल्याच आठवड्यात मी भर पहाटे नळापाशी हंडा धरून उभी! फरक एवढाच की तिथं रांगेत गप्पा होत्या, इथं मी एकटी आणि समोर भिंत. त्या दिवशी मला रडू आलं. हे आतून म्हणाले, "मोटर लाव की." त्यांना वाटलं, मी पाण्याच्या धारेवरून रडतेय.

तुझ्या मेसेजवर मला जे सांगायचंय ते इथंच आहे. विमान दोघांना एकाच दिवशी उतरवतं. घरी पोचायची तारीख मात्र ज्याची त्याची. आपली तारीख जोडीदाराच्या तारखेवर तपासायला गेलं की भांडण ठरलेलं.

हे पंधरा दिवसांत पोचले, असं मी तेरा वर्षं समजत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात त्यांचं हिशोबाचं जुनं काम होतं, ते परत मिळालं. सकाळी डबा, संध्याकाळी सायकल, रविवारी मित्रांबरोबर पत्ते. मी मात्र कपाटातलं चितेंजे काढून बसायची. चितेंजे म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात, लेकरू पाठीशी बांधतात ते दोन मीटरचं छापील कापड. तुमच्या टांझानियात कांगा असतो, तसंच. सोलापूरची आहे ना मी, कापड हातात आलं की आधी काठ बघते, मग वास. त्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. मी ते धुतलं नव्हतं.

एका शनिवारी मी न्सिमा केला, म्हणजे मक्याच्या पिठाचा हाटून केलेला घट्ट गोळा. तुमच्याकडचा उगाली, तोच. पांढऱ्या मक्याचं पीठ इथं कुठं मिळायचं, पिवळ्याचंच केलं. हाटताना गोळी झाली, रंगही भलताच. तरी हौसेनं ताटात वाढला, बाजूला पालेभाजी. ह्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "भाकरी नाही का?" मी तीन दिवस बोलले नाही. मला वाटलं, ह्या माणसाने दोन वर्षं पुसून टाकली.

आता दुसरी बाजू ऐक. नवी पेठेत एका दुकानात हे काही घ्यायला गेले. मलावीत आधी विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. "मुली ब्वांजी?" म्हणजे कसे आहात. समोरचा म्हणणार, बरा आहे, तुम्ही कसे? मग भाव. सवयीने ह्यांच्या तोंडून दुकानदाराला भरदुपारी "मुली..." निघालं आणि तो चमकून बघायला लागला, की हा पांढऱ्या मिशांचा माणूस कुठल्या मुली विचारतोय! घरी येऊन हे हसत सांगत होते. मीही हसले. हसता हसता हे जरा जास्तच वेळ गप्प झाले, ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही. मी माझंच दुःख जपत बसले होते.

2019 च्या मार्चमध्ये इडाई वादळाने मलावीत पूर आला. टीव्हीवर बातमी दोन मिनिटांची. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरायला उठले तर हे दिवा लावून बसलेले, पुढ्यात साठ्याची जुनी वही. क्विनिनचे डबे, हातमोजे, सलाइन, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते पांढरं पीठ कुठं मिळतं का गं आता?" त्यांची तारीख ही होती. माझ्याहून कितीतरी उशिराची.

तेव्हा तुझा नवरा पोचला असं समजू नकोस. कामाला लागला आहे, एवढंच तुला दिसतंय.

गुलाहॉर्न आडनावाच्या दोघा संशोधकांनी 1963 साली ह्यावर लिहून ठेवलंय. परदेशात गेल्यावर मन एकदा खाली जातं, सावरतं, आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा खाली जातं. आलेख इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसतो. वर्गात शिकवायला छान आहे. पण आलेखात रेघ एकच. एका घरात दोन रेघा असतील आणि एकीचा खड्डा दुसरीच्या चढावर येत असेल, तर स्वयंपाकघरात काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

लोक काय विचारतात म्हणून वैतागली असशील. तीन प्रश्न: काय खायचात, भीती नाही का वाटली, किती मिळाले. चौथा पाळण्याचा, तो तुला लागू आहे, मी तेव्हा पन्नाशीकडे झुकले होते म्हणून सुटले. "किती मिळाले"चा राग धरू नकोस. आपल्याकडं परदेशी जाणारा माणूस घर बांधायलाच जातो. फक्त राहण्याखाण्यापुरता भत्ता घेऊन कुणी दोन वर्षं जातं, हे लोकांना लपवाछपवीच वाटते. एकदा खरा आकडा सांगून टाक, विषय मिटतो. बाकी प्रश्नांना दोन मिनिटांत संपणारी एकच गोष्ट तयार ठेव. तळ्यात बुडालेल्या चपलेची, बसमधल्या कोंबडीची, कसलीही. हळदीकुंकवाला तेवढीच जागा असते. काळ्या माणसांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर तिथंच, एका वाक्यात, आवाज न चढवता खोडून काढ. भाषण करू नकोस.

भाषण मी केलं होतं. आम्ही परतलो त्याच, 2006 च्या जूनमध्ये नात्यातलं लग्न. आम्ही तिथून निघालो त्याच्या आदल्या वर्षी मलावीत मका करपला होता. जानेवारी-फेब्रुवारीत शेतात पीक उभं आणि घरात दाणा नाही, अशी त्यांची उपासमारीची वेळ. मुलांच्या वॉर्डातली सुजलेली पावलं माझ्या डोळ्यापुढून हलत नव्हती. आणि इथं पत्रावळीत अर्धी जिलेबी, अर्धा मसालेभात टाकून माणसं उठतायत. मी पंगतीतच बोलायला लागले. चार बायका खाली माना घालून बसल्या. सांगोल्याकडच्या आमच्या चुलत सासूबाई मात्र जेवता जेवता म्हणाल्या, "बहात्तरला मी पोटुशी हुते, तरी खडी फोडली. मिलोची भाकरी घशाखाली जात न्हवती. सुकडीसाठी रांगा लावल्या. आमाला ठावं न्हाई असं तुला कुणी सांगितलं?" आणि पत्रावळ बोटाने निपटून उठल्या.

मी त्यांच्या मागं गेले. हात धुवायच्या नळापाशी उभं राहून तासभर ऐकलं. वीस वर्षं सून होते त्या घरची, बहात्तरचा दुष्काळ कधी विचारला नव्हता. माझी तारीख ती असावी.

भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात तुला शाळेतनं नेलं असेल. 1938 साली चीनला पाच भारतीय डॉक्टर गेले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. आपले द्वारकानाथ तिथंच राहिले, क्वो चिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असताना, 9 डिसेंबर 1942 ला, बत्तीसाव्या वर्षी गेले. हे सोलापुरात पोरासोरांना पाठ. पण बाकीचे चौघं परत आले होते. त्यांची नावं किती जणांना येतात? बोटीतून उतरल्यावर पहिल्या सोमवारी त्यांनी काय केलं असेल, कुणाच्या घरी काय बोलणी झाली असतील, हे मला स्मारकात गेले की दर वेळी वाटतं. आपल्या गावाला न परतलेला माणूस चांगला कळतो. परतलेल्याला कुठं बसवायचं ते कळत नाही. त्यात गावाचा फार दोष नाही.

आता कामाचं. ह्यात माझा फार जीव नाही, पण लिहिते. जुना मोबाइल नंबर बंद पडलाय आणि बँकेचा ओटीपी त्यावरच जातोय, हे तू मार्चमध्येच सांगितलं होतंस. नव्वद दिवस नंबर न वापरल्यावर कंपनी तो बंद करू शकते, पुढं दुसऱ्याला देतेही. तेव्हा आधी बँकेत स्वतः जाऊन नवा नंबर लाव. परदेशी असताना खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं, करून घेतलं असेल तर ते परत साधं करायला सांग, आपोआप होत नाही. आरोग्य विम्याचा हप्ता चुकलाय का बघ. पॉलिसी तुटली असेल तर जुन्या आजारांसाठीची थांबायची मुदत पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे नर्स म्हणून. तुम्ही दोघं म्वांझाला व्हिक्टोरिया तळ्यात पोहत होता, फोटो बघितलेत मी. तिथल्या गोगलगायींतून सुटणारा जंतू कातडीतून आत शिरतो आणि महिनोन्महिने काही जाणवत नाही. बिलहार्झिया. इथल्या डॉक्टरांना तो रोज दिसत नाही, ते आपणहून विचारणार नाहीत. शेवटचं पाण्यात उतरून दोन-तीन महिने झाले की रक्त, लघवी, शौच तपासून घ्या. निघालाच तर औषध गोळ्यांचं आहे, घाबरायचं कारण नाही. ताप आला तर वर्षभर तरी डॉक्टरांपुढं पहिलं वाक्य "आफ्रिकेत राहून आलोय" हेच.

नोकरीच्या अर्जात ती दोन वर्षं "गॅप" म्हणून लिहू नकोस. किती मुली शिकवल्यास, किती बाळंतपणं बघितलीस, ते आकड्यात लिही. मिळेल ते ठरल्या वेळेचं काम धर, छोटं असलं तरी. सकाळी कुठंतरी जायचं असलं की निम्मं दुखणं वाटेतच उतरतं.

संस्था मात्र काढू नका. निदान वर्षभर. मला माहीत आहे, तुम्ही दोघांनी रात्री जागून नावही ठरवलं असेल. तिथं पहिले चार महिने तुम्ही फक्त ऐकलंत, कारण भाषा येत नव्हती. इथं भाषा येते, हीच अडचण. विडीकाम करणाऱ्या बायकांसाठी काही करायचंय म्हणतेस ना, मग आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून चार महिने पानं कापायला शीक. त्या बायका बोलतात ती तेलुगू तुझी कच्ची आहे, ते एका अर्थी बरंच.

एक गोष्ट लिहू का नको करत होते. झोंब्यात आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईची मुलगी हुशार होती. मलावीत प्राथमिक शाळा 1994 पासून मोफत, पण पुढं तेव्हा फी होती. निघताना सगळ्यांसमोर मी म्हणाले, हिचं शिक्षण माझ्याकडं. दोन सत्रांचे पैसे पाठवले. मग सासूबाईंचं आजारपण निघालं, हात आखडला. मी ना पैसे पाठवले ना पत्र. मुलीचं पत्र आलं, इंग्रजीत, रेघा मारून लिहिलेलं: मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना? मी त्याला उत्तर दिलं नाही. लाज वाटली म्हणून दिलं नाही, आणि जितके दिवस गेले तितकी लाज वाढली. तुमच्या फोनवर तिकडून मेसेज येत असतील. जमणार असेल तेवढंच कबूल करा, आणि जमत नसेल तर तसं लिहा, पण लिहा. ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

रविवारी संध्याकाळी ये. त्याला ओढून आणू नकोस, यायचं असेल तर येईल. आला तर ह्यांच्याबरोबर गच्चीत बसू दे, दोघं काही बोलले नाहीत तरी मध्ये जाऊ नकोस. शेंगाचटणी ताजी कुटली आहे.

तुझी,
मॅडम

ता.क. सामानात पांढऱ्या मक्याचं पीठ उरलं असेल तर वाटीभर घेऊन ये. पोरकिडे झाले असले तरी चालेल, मी चाळून घेईन. ह्यांना आधी सांगू नकोस.