समजावणं हाच उपचार

प्रिय बाय,

पत्र मिळालं. म्हापशाच्या त्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये कंबर धरून येणाऱ्या प्रत्येकाला शेक, आयएफटीचा विजेचा प्रवाह, अल्ट्रासाउंडच्या ध्वनिलहरी, ट्रॅक्शनचा ताण आणि निघताना पट्टा. परीक्षेत तू लिहिलंस ते याच्या नेमकं उलट. म्हणून विचारतेस, "सर, शिकले ते खोटं की करते ते?"

शिकलीस ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्सचा विजेचा प्रवाह आणि पट्टे सरसकट देऊ नयेत, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेने तर हे २०१६ मध्येच सांगितलं होतं. या प्रश्नावर आणखी शाई घालवत नाही.

खरा प्रश्न तू विचारलाच नाहीस. हे सगळं छापून आलेलं असताना पाळलं का जात नाही? सीनियर वाचत नाहीत, असं तुला वाटतं. बरेचजण वाचतात. पण फॅमिली डॉक्टरांबद्दलच्या परदेशी अभ्यासांचा २०२० चा एक आढावा आहे. कंबर दाखवायला गेलेल्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाला नीट माहिती आणि सल्ला मिळाला, असं त्यात दिसतं. म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्या सूचनांत पहिलं असलेलं कलमच बहुतेक वेळा गाळलं जातं. कारण साधं आहे. मशीनचा सिटिंगमागे दर ठरलेला असतो, बोलण्याचं बिल होत नाही. म्हणून सांगतो, समजावणं हाच उपचार. बाकी सगळं त्याच्या मागून.

तू लिहिलंस ती सत्तरीतली काजूबागायतीत राबणारी बाई घे. पिशवीत एमआरआय, डोक्यात "गादी सरकली, मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही." ऐन हंगामात ती घरात पडून आहे. तिला कोणी सांगितलं का, की ज्यांची कंबर कधीच दुखत नाही त्यांच्याही एमआरआयमध्ये पुष्कळदा हेच दिसतं? २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या शंभरांपैकी तिसांची आणि पन्नाशीतल्या शंभरांपैकी साठांची गादी फुगलेली निघाली. तिला सांग, "मावशी, दुखणं खरं आहे, पण वाकल्याने मणका मोडत नाही." मग तुझ्यासमोर तिला वाकायला लाव. दहा वेळा. आधी थोडा वेळ बागायतीत जा, मग वाढव, असं ठरवून दे. कोकणीत बोलत असेल तर कोकणीत सांग, आणि तिच्या तोंडून परत वदवून घे. एवढं केलंस की उपचार सुरू झाला.

"पेशंटलाच मशीन हवं असतं," हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. आपलं दुखणं कोणीतरी मनावर घ्यावं एवढंच त्याला हवं असतं. आपण त्याला मशीनशिवाय दुसरं काही दाखवतच नाही, मग तो मशीनच मागणार.

आणि बोलल्याशिवाय धोका तरी कसा कळेल? लघवी अडलीय का, बसायच्या जागी बधिर वाटतंय का, पायातली ताकद जातेय का, हे विचार. होय म्हणाला तर त्याच दिवशी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, गोमेकॉत. ताप, वजन घटणं, पूर्वी क्षयरोग किंवा कॅन्सर असेल, तर तपासणी टाळायची नाही. ट्रॅक्शनचं टेबल हे प्रश्न विचारत नाही.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशीलच. हा मशीन लावत नाही, नुसता बोलत बसतो, म्हणून लोक हसायचे. फोंड्यातल्या एका डॉक्टर स्नेह्याने पेशंट पाठवणं बंद केलं आणि पुढे बोलणंही तुटलं. त्याची हळहळ मला आजही आहे. मुलाच्या शिक्षणाला कर्ज काढावं लागलं, तेही याचमुळे. चार मशीनं आणून ठेवली असती तर दोन्ही टळलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी आणली नाहीत, आणि आजही आणणार नाही. माझ्याकडून घाबरलेला माणूस घाबरलेलाच परत गेला, तर मी फी कसली घेतली?

आता पुरावा माझ्या बाजूने आलाय, हे मुद्दाम लिहितो. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी छापून आली. फिजिओथेरपिस्टने समजावून सांगायचं आणि चालणं हळूहळू वाढवून घ्यायचं, एवढंच. त्या गटात कंबर पुन्हा धरेपर्यंत साधारण २०८ दिवस गेले, नुसतं सोडून दिलेल्यांत ११२. हे तुझंच काम आहे, बाय. तुला ते शिकवलेलं आहे. मग घाबरतेस कशाला?

नोकरी इतक्यात सोडू नकोस. मालकाला सरळ सांग, प्रत्येक नव्या पेशंटची पहिली वीस मिनिटं मला हवीत, त्याची वेगळी फी लावा. तीन महिने करून दाखव. कबूल नसेल तर गणेशचवथीनंतर सोड आणि माझ्याकडे ये, जागा आहे. त्या बाईला मात्र याच आठवड्यात बोलावून घे. उरलेल्या सिटिंगचे पैसे परत द्यावे लागतील म्हणून मालक कुरकुरला, तर त्याला मला फोन करायला सांग.

तुझा,
सर