भिशीचे पन्नास हजार आणि संत्र्याची साल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये ग्राइंडरवर काम करणाऱ्या वाचकांचं पत्र आहे. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी कोल्हापुरातून काळी पोलो घेतली, सेकंडहँड. उन्हात उभी केली की रंग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत दिसतो, बॉनेटवर तर जास्तच. शहरातल्या डिटेलिंगवाल्यानं पूर्ण गाडी सपाट करायचे १८,००० सांगितले. यांचं म्हणणं, "ताई, २१,००० त बफिंग मशीन, पॅड, वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर), कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) सगळं येतंय. मशीन घरात राहील, रविवारी चार गाड्या करीन की. २० जणांची भिशी आहे, महिना २,५००. सहावा नंबर मला लागलाय, ५०,००० हातात आहेत. घेऊ का?"

भाऊ, मशीनचं नंतर बोलू, आधी भिशी बघू. सहा हप्ते भरले म्हणजे तुमचे १५,००० झाले. उरलेले ३५,००० बाकीच्या एकोणीस जणांचे आहेत आणि पुढचे चौदा महिने ते तुम्हाला फेडायचे आहेत. बिनव्याजी आहे, पण कर्जच आहे. नंबर लवकर लागला की माणसाला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं तसंच होतं.

गाडीच्या रंगातही हीच गंमत आहे, आणि ती तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा दिवसच मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) जातो. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. त्यातला वरचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० च्या आसपास. साल घासायची ती एवढ्यातच, आणि तीही सगळी नाही. उन्हापासून खालचा रंग वाचवायचं काम हा क्लिअरच करतो. फार पातळ झाला तर काही वर्षांनी पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटतात. मग पॉलिशनं भागत नाही, पॅनेलच रंगवावं लागतं.

तुमच्या यादीत नऊ वस्तू आहेत. रंगाची जाडी मोजायचं गेज मात्र नाही! मायक्रोमीटर न लावता तुम्ही जॉबवरून मटेरियल काढता का? गेज आणलंत तरी एक लक्षात ठेवा, साधं गेज एकूण जाडी दाखवतं, क्लिअर वेगळा दाखवत नाही. तुमच्या बॉनेटवर साल जास्त आहे, म्हणजे ते मागच्या मालकानं रंगवून घेतलेलं असू शकतं. गन लांब धरली, हवेचा दाब कमी पडला, रंग दाट राहिला किंवा उन्हात थिनर फार लवकर उडाला की थेंब पसरायच्या आधीच बसतात आणि साल तयार होते. अशा बॉनेटवर गेज २५० दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. त्यातलं बरंचसं खालचं प्रायमर आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) असेल. हातात ५०,००० आणि आपले १५,००० तसंच हे. बंपर प्लास्टिकचा, तिथं हे गेज चालतच नाही.

आता टणकपणा. या गाड्यांचा क्लिअर टणक असतो असं पॉलिशवाले सांगतात. टणक क्लिअरवर ओरखडे लवकर उठत नाहीत, पण उठलेले लवकर जातही नाहीत. १५०० चा पेपर लावाल तर साल पटकन सपाट होईल, खरं काम पुढेच आहे. २०००, मग ३००० चा आणखी बारीक पेपर, मग कंपाउंड, आणि पेपरनं उठलेले धुरकट डाग फोमच्या पॅडनं सहज हटत नाहीत. मायक्रोफायबर किंवा लोकरीचं पॅड लागतं. पॅनेल तापतं. दाराची कड, बॉनेटवरची रेघ, तिथं रंग आधीच पातळ आणि मशीनचा जोर नेमका तिथंच एकवटतो. वर आपल्याकडची लाल माती. बादलीत एक कण गेला तर पेपरखाली तोच फिरत राहतो.

पहिल्याच वेळी पूर्ण गाडी म्हणजे तुमचे चार रविवार तरी गेले. रविवारच्या ओव्हरटाइमचे ९०० मिळतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे २१,००० नव्हे, २४,६००, गेज वेगळं. डिटेलिंगवाला १८,००० त करतोय आणि कड जळली तर जबाबदारी त्याची. "चार गाड्या करीन" हे तर मला मुळीच पटत नाही. दुसऱ्याच्या गाडीचा क्लिअर फुटला तर पॅनेल रंगवून द्यायचा खर्च तुमच्या खिशातून. (आमच्या दिरांनी याच हिशोबानं प्रेशर वॉशर घेतला होता. तो माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी आहे.)

तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझा डोळा तिथंच अडकला: गाडीवर अजून एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचाच नंबर आहे. बेळगावात अशा गाड्या गल्लोगल्ली दिसतात म्हणून कुणाला काही वाटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. तुमचे तीन महिने उरलेत. कोल्हापूर आरटीओची एनओसी, मग इथं केए २२ साठी अर्ज आणि कर्नाटकचा रोड टॅक्स. तो गाडीची किंमत आणि वय बघून ठरतो, पक्का आकडा इथल्या आरटीओत विचारा. तुमच्या १५,००० वर पहिला हक्क त्याचा, आणि ते पुरायचे नाहीत असं धरूनच चला. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्समधला उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, त्या पावत्या मागच्या मालकाकडून आत्ताच घ्या. नंतर माणूस फोन उचलत नाही.

विकताना सालीचे पैसे वसूल होतील ही आशाही सोडा. घेणारा टायर बघतो, सर्व्हिसचं पुस्तक बघतो, आणि हल्ली गेज लावून बघतो. रंग पातळ निघाला तर तोच भाव पाडेल.

तरीही हात शिवशिवत असतील, तर टॅक्स भरून झाल्यावर फक्त ड्युअल अॅक्शन मशीन (पॅड गोल फिरता फिरता हलतंही असं), दोन पॅड आणि एक कंपाउंड घ्या. वॉटर पेपर घेऊ नका. काळ्या गाडीवर डोळ्यांत भरतात ती कापडानं धुऊन पडलेली बारीक ओरखड्यांची जाळी, आणि ती नुसत्या पॉलिशनं बरीच जाते. साल राहू दे. कंपनीतून आलेल्या नव्या गाडीवरही थोडी असतेच. घासायची हौस भंगारातल्या एखाद्या जुन्या बॉनेटवर भागवा, त्याची कड जळली तर कुणी विचारणार नाही.

उरलेले ३५,००० चौदा हप्त्यांसाठी बँकेत वेगळे ठेवा. जास्त व्याजासाठी सोसायटीत नको. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

एनओसीसाठी कोल्हापूरला जाल तेव्हा मागच्या मालकाला बॉनेट रंगवलं होतं का, आणि असेल तर कधी नि का, तेही विचारून या. अपघात निघाला तर मला परत लिहा, मग प्रश्न रंगाचा राहणार नाही.