ओढ नेमकी कुठून लागते

वाळपई

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. आरोग्य केंद्रात व्यसनी माणसांच्या समुपदेशनाचे काम तू पत्करलेस, याचा मला मनापासून आनंद आहे. "दारूत आता गोडी राहिली नाही असे शपथेवर सांगणारा माणूस संध्याकाळी पुन्हा बारवर कसा दिसतो?" हा तुझा प्रश्न रास्त आहे. तो माणूस बहुधा खोटे बोलत नसतो.

आवडणे आणि ओढ लागणे यांचे मार्ग मेंदूत बऱ्याच अंशी वेगळे आहेत. ओढीचा मार्ग मध्यमेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशींपासून मेंदूत खोलवर असलेल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्सपर्यंत जातो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत या पेशी आधी रसाचा थेंब मिळाल्यावर चेतत. थेंबापूर्वी खूण मिळते हे माकडाला उमगल्यावर मात्र त्या खुणेलाच चेतू लागल्या. दीर्घकाळ पिणाऱ्यात पिणे हळूहळू मेंदूतील सवयीच्या पेशीमंडलांच्या ताब्यात जाते, आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, दुबळा पडतो, आणि दारू उतरताना भीती आणि ताण हाताळणाऱ्या अमिग्डाला या भागाची ताणयंत्रणा जी अस्वस्थता उभी करते ती शमवण्यासाठीच पुढचा पेला भरला जातो.

सत्तरी तालुक्यातील एका गृहस्थांनी चौदा महिने थेंबही घेतला नव्हता. एप्रिलमध्ये काजूच्या बागेवरून घरी जाताना मळलेल्या बोंडांचा आंबूस वास आला, तोंडाला पाणी सुटले आणि पाय दारू गाळण्याच्या भाटीकडे वळले. मी त्यांना घर, पैसा, मुले यांविषयी तासन्‌तास विचारले होते. ते कोणत्या वाटेने घरी जातात, एवढे मात्र कधीच विचारले नाही. ही चूक माझी होती आणि ती मला अजून सलते.

म्हणून निश्चय किती पक्का आहे हे विचारण्याआधी ओढ कोठे, किती वाजता, कशाने उठते ते विचार. नालट्रेक्सोन हे औषध मेंदूतील ओपिऑइड ग्राहक (सुखाची जाणीव देणारी रसायने पेशीवर जिथे चिकटतात त्या जागा) अडवून दारूचे सुख आणि ओढ दोन्ही कमी करते; ते द्यायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू दे. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" असे कधीही सांगू नकोस. दारूच्या दाबाला सरावलेला मेंदू तो दाब अचानक निघताच अतिउत्तेजित होतो, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे पाठव.

काजूच्या बोंडांच्या रसापासून गाळलेल्या हुर्राक या दारूचा हंगाम तोंडावर आला आहे. तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून कामावरून घरी जाण्याची वाट कागदावर काढून घे, आणि भाट्या लागत नाहीत अशी दुसरी वाट त्याच्याच हाताने त्या कागदावर आखवून घे.

तुझा हितचिंतक