सिम पाकिटात ठेवू नका भाऊ, आणि बँकेत दिलेल्या कागदाची पोच घ्या

तुमचा प्रश्न सकाळी वाचला. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. एक डेबिट कार्ड, थोडे युरो रोख, आणि "उतरल्यावर तिकडलं सिम टाकू, आपलं सिम काढून पाकिटात जपून ठेवू". हे शेवटचं वाक्य वाचून चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसलो, कारण हेच, अगदी हेच मी केलं होतं.

पाकीट पुढच्या खिशात ठेवा, पिन लिहून ठेवू नका, पासपोर्ट हॉटेलात ठेवा वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही. मी बँकेतला माणूस नाही, वकीलही नाही. जे स्वतःवर गेलं आणि त्यानंतर जे वाचावं लागलं तेवढंच सांगतो. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा जाण्याआधी आपल्या बँकेत एकदा विचारून घ्या.

२०२३ चा मे महिना. मी आणि बायको, नागपूरहून दोहामार्गे रोम. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, टर्मिनी स्टेशनवरून ६४ नंबरची बस पकडली. ही बस व्हॅटिकनच्या बाजूला जाते, प्रवाशांनी खचाखच भरलेली असते आणि खिसेकापूंसाठी बदनाम आहे, हे मला नंतर हॉटेलवाल्याने सांगितलं. उतरलो तेव्हा बॅगेची चेन उघडी आणि पाकीट गायब. त्यात बचत खात्याचं डेबिट कार्ड, शंभरेक युरो, आणि प्लास्टिकच्या छोट्या पुडीत माझं नागपूरचं सिम. फोन हातात होता, पण त्यात इटलीचं सिम.

आता बघा काय होतं ते. बँकेचं ॲप उघडलं तर ते म्हणे नोंदणीकृत सिम फोनमध्ये सापडत नाही, ॲप बंद. नेट बँकिंग उघडलं, पासवर्ड बरोबर, पुढे ओटीपी, आणि ओटीपी जाणार त्या चोराच्या हातातल्या सिमवर. कार्डामागचा १८०० चा नंबर परदेशातून लागत नाही, आणि तसंही कार्डच नव्हतं तर मागचा नंबर कुठून वाचणार. वेबसाइटवरून +९१ वाला नंबर शोधून हॉटेलच्या फोनवरून लावला, तर मशीन म्हणे कार्ड नंबर टाका किंवा नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. कार्ड नंबर लिहून ठेवलेला नव्हता. वीस मिनिटं धरून बसलो आणि कॉल कटला. म्हणजे चारही दरवाजांना कुलूप एकच, आणि त्याची किल्ली मी स्वतःच्या हाताने कार्डासोबत एका पाकिटात ठेवली होती. सिम म्हणजे फोन करायची वस्तू अशीच माझी समजूत होती. आजच्या घडीला ती तुमच्या खात्याची किल्ली आहे हो, एटीएम कार्डाइतकीच.

म्हणून पहिलं सांगणं. आपलं सिम फोनमधून काढूच नका. दोन सिमचा फोन असेल तर तिकडलं दुसऱ्या खाचेत टाका, किंवा फोनला चालत असेल तर ई-सिम (खाचेत काही न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) घ्या. आपल्या सिमवर निघायच्या आधीच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि त्या सिमचा डेटा बंद ठेवा. येणाऱ्या मेसेजला बहुतेक प्लॅनमध्ये पैसे पडत नाहीत. सिम चोरीला गेलंच तर इकडून कंपनीला सांगून ते आधी बंद करवा. डुप्लिकेट सिम मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर मेसेज येत नाहीत, तो सुरक्षेचा नियमच आहे, त्यामुळे लगेच ओटीपी येईल या भरवशावर राहू नका.

पण मला सगळ्यात महाग पडलं ते हे नाही. ते पुढे.

रोममध्ये संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ. बँक बंद. दुसरा दिवस म्हणजे दुसरा शनिवार, मग रविवार. मी मनाशी म्हटलं, सोमवारी धाकटा भाऊ शाखेत जाईल, आपलं २२ वर्षांचं खातं, सगळे ओळखतात, तिथल्या तिथे काम होईल. अर्ज हाताने लिहिला, सही केली, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. भावाने सोमवारी प्रिंट काढून नेली. शाखेचं नाव लिहीत नाही. पहिल्या टेबलवर सांगितलं, खातेदाराला स्वतः यावं लागेल. भाऊ म्हणाला, अहो ते रोमला आहेत, पाकीट चोरीला गेलं म्हणूनच तर मी आलो. दुसऱ्या टेबलवर पाठवलं. तिथून तिसऱ्या. दीड तासाने एकाने अर्ज घेतला, म्हणाला ठेवून जा, साहेब आले की करून देऊ, आणि पेपरवेटखाली ठेवला. भावाचा फोन आला, "दादा, आधी ऐकूनच नव्हते राहिले, पण शेवटी घेतला अर्ज, होऊन जाईल म्हणाले."

मी विचारलंच नाही की पोच घेतली का. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही, काहीच नाही. नागपुरात आयुष्य गेलं, महापालिकेत, वीज ऑफिसात कुठेही कागद दिला तर पोच घेतल्याशिवाय मी हललो नाही, आणि नेमका त्या दिवशी सुटकेच्या आनंदात विसरलो. कार्ड बंद झालं असं धरून आम्ही फ्लोरेन्सला गेलो.

कार्ड बंद झालंच नव्हतं. पुढच्या शुक्रवारी भाऊ दुसऱ्या कामाने बँकेत गेला, सहज पासबुक भरून घेतलं, तर तीन व्यवहार. शनिवारी २७,४०० आणि ३१,९००, आणि सोमवारी रात्री, म्हणजे त्याने अर्ज दिला त्याच दिवशी, २४,७००. एकूण ८४ हजार. तिन्ही परदेशी वेबसाइटवर. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण परदेशी वेबसाइट ओटीपी मागेलच असं नाही, नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम भागतं. आणि व्यवहाराचे मेसेज कुठे गेले? त्याच चोरलेल्या सिमवर. ईमेलवर अलर्ट मी कधी लावलेच नव्हते.

त्या रात्री एका निवृत्त बँकवाल्या मित्राला फोन लावला, तो म्हणाला, अरे शाखा सोड, ग्राहक सेवेच्या ईमेलवर आत्ताच्या आत्ता लिही. हॉटेलात बसून लिहिलं. दोन मिनिटांत तक्रार क्रमांक आला, अर्ध्या तासात कार्ड बंद. जे काम पहिल्या रात्री फुकटात झालं असतं ते मी आठवडाभर एका पेपरवेटखाली ठेवून बसलो होतो.

आता तेव्हा नियम काय होता ते सांगतो, कारण हे शाखेत कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा लागू होतं, ग्राहकाच्या जबाबदारीचं. त्यात असं होतं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० तुमच्या अंगावर. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. दिवस मोजायचे ते तुमच्या शाखेच्या कामकाजाचे, आणि व्यवहाराचा मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेच्या अंगावर. कळवायच्या मार्गांत ईमेल, फोन आहेच, पण स्वतःची शाखाही आहे! म्हणजे भावाचा सोमवारचा अर्ज नियमाने पुरेसा होता. फक्त तो दिल्याचा पुरावा नव्हता.

शाखेने सरळ सांगितलं की असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही. माझा भाऊ दीड तास उभा होता तिथे. सीसीटीव्ही बघा म्हटलं तर ते आमच्या हातात नाही म्हणे. आधी तर त्यांनी पूर्ण रक्कमच नाकारली, कार्ड सांभाळणं तुमचं काम होतं, निष्काळजीपणा. त्याच परिपत्रकात लिहिलंय की ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. तक्रारीपासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची होती, तीही केली नाही. मी ३० दिवस थांबलो आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्यासाठी वकील लागत नाही, फी नाही, रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेचं एवढं मोठं ऑफिस आहे म्हणून आपल्याला वाटतं तिथे जाऊन अर्ज द्यावा, पण लोकपालाच्या २०२१ च्या एकात्मिक योजनेपासून ऑनलाइनच सोपं पडतं, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. आधी बँकेला लेखी तक्रार केलेली पाहिजे, नाहीतर घेत नाहीत.

पाच महिन्यांनी ५४ हजार परत आले. शुक्रवारचा ईमेल हाच पहिला पुरावा धरला, त्यामुळे तिन्ही व्यवहार ४ ते ७ दिवसांत बसले, तीन वेळा दहा हजार कापले. तीस हजार एका शिक्क्यापायी गेले. पैशाचं दुःख आहेच, पण धाकटा भाऊ अजूनही स्वतःला दोष देतो, याचं जास्त वाईट वाटतं. त्याची काय चूक? मी सांगायला पाहिजे होतं.

तर तुम्ही हे करा. बँकेचा ईमेल, +९१ वाला नंबर, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि खाते क्रमांक एका कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये आणि एक प्रत नागपुरात घरी ठेवा. पिन आणि मागचे तीन आकडे लिहू नका. व्यवहाराचे अलर्ट ईमेलवरही लावा. चोरी झाली की पहिला ईमेल, मग फोन, मग शाखा, आणि शाखेत जो जाईल त्याला दोन प्रती द्या आणि सांगा की शिक्का मिळाल्याशिवाय हलायचं नाही. तिकडे पोलिसांत तक्रारही द्या, इटलीत त्याला देनुंचा म्हणतात, काराबिनिएरींच्या, म्हणजे तिथल्या लष्करी पोलिसांच्या चौकीतही देता येते. प्रवास विम्याला तो कागद लागतो. रोख रकमेची भरपाई बहुतेक विमे देत नाहीत, पॉलिसी वाचून घ्या.

कार्डाचं आंतरराष्ट्रीय वापराचं बटण सुरू करताना एटीएम, दुकानातली मशीन आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. मी सगळी सुरू करून ठेवली होती, कशाला तर असू द्यावं म्हणून. ऑनलाइन बंद ठेवलं असतं तर एक रुपया गेला नसता. मर्यादाही लावता येते, रोजच्या खर्चापुरती लावा. आणि माझं ठाम मत, कोणी काहीही म्हणो, पगाराच्या किंवा पेन्शनच्या खात्याचं कार्ड बाहेर नेऊच नका. वेगळं खातं काढा, त्यात सहलीपुरते टाका. आम्ही त्या आठवड्यात जेवलो ते बायकोच्या फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड), जे हॉटेलच्या सुटकेसमध्ये होतं. दोन कार्ड, दोन वेगळ्या माणसांकडे, दोन वेगळ्या जागी.

जाता जाता थोडं. दुकानातली मशीन किंवा एटीएम विचारेल, रुपयांत घ्यायचे की युरोत. नेहमी युरो. रुपये बघून बरं वाटतं पण दर मशीनवाल्यांचा लागतो आणि तो महाग असतो. साध्या कार्डावर बाहेरच्या व्यवहाराला साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतं, हे बँकेला आधी विचारा. एटीएम बँकेच्या भिंतीतलं वापरा, पर्यटकांच्या गल्लीतली सुटी मशीनं टाळा. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून चालतं, म्हणून सगळ्या युरोपात चालेल असं नाही. रोख युरो इकडूनच परवानाधारक चलन बदलणाऱ्याकडून पावती घेऊन घ्या. ५० हजारांच्या वर असेल तर पैसे रोखीत देता येत नाहीत, चेक किंवा खात्यातून द्यावे लागतात. परत आल्यावर उरलेलं परकीय चलन १८० दिवसांत परत करायचं असतं, २,००० डॉलरइतकं ठेवता येतं.

आईबाबा सोबत आहेत म्हणता, तर बाबांच्या नावाचं खातं असेल तर त्यांचाही मोबाइल नंबर बँकेत अपडेट आहे का बघा, वयस्कर मंडळींचा जुनाच नंबर असतो बरेचदा. हे शाखेचं काम वसुबारसेच्या आधी उरकून घ्या. त्या आठवड्यात सुट्ट्याही असतात आणि गर्दीही, आणि नंबर बदलायचा अर्ज दिला तर त्याचीही पोच घ्याच.