‘रिडक्शन’च्या शेजारी ‘क्षपण’ लिहा

प्रश्न : मॅडम, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. प्रथम वर्ष बीएस्सीला शहरातली इंग्रजी माध्यमाची मुलं आहेत, तशीच सुरगाणा, पेठ, नंदुरबारकडून आलेली, आश्रमशाळेत शिकलेलीही. ही मुलं मागे बसतात, काही विचारलं की माना खाली घालतात. मराठीत समजावलं तर पुढची मुलं कुरकुरतात. सगळ्यांना सोबत घ्यायचं तर पातळी खाली आणावी लागेल का?

उत्तर : नाही, पातळी अजिबात खाली आणू नका. गणितं तीच द्या, प्रश्नही तितकेच अवघड विचारा.

मी ३२ वर्षं हाच विषय शिकवला. मागच्या बाकांवरची शांतता म्हणजे ‘अभ्यास केलेला नाही’, असंच मीही सुरुवातीला धरून चालले होते. एकदा फळ्यावर ‘रिडक्शन’ लिहून धडगावकडच्या एका मुलीला अर्थ विचारला. ती उभी राहिली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या शब्दाखाली ‘क्षपण’ लिहिलं. ती लगेच म्हणाली, “इलेक्ट्रॉन मिळणं.” घरी पावरी बोली, दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीपासून इंग्रजी पुस्तकं. पण हे दोन शब्द एकाच गोष्टीचे आहेत, हे तिला कुणी शेजारी शेजारी लिहून दाखवलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तेव्हापासून फळ्याचा उजवा कोपरा मी शब्दांसाठी राखून ठेवला. त्या दिवसाच्या धड्यातले आठ-दहा शब्द, इंग्रजी आणि मराठी. दोन-तीन मिनिटांचं काम. पुढच्या मुलांचं म्हणाल, तर त्यांना एकदा ‘व्हॅलन्सी’ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. पाठ केलेली व्याख्या संपली की त्यांचीही गाडी अडते, आणि तिथे ‘संयुजा’ हा शब्द त्यांच्याही उपयोगी पडतो.

बोट दाखवून उभं करू नका. प्रश्न टाका, दोन मिनिटं शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोलू द्या, मग उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सांगितलं आहे की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. तुमच्याकडे काय चालतं ते परीक्षा विभागात विचारा. वर्गातल्या चिठ्ठ्या तर तुमच्याच हातात आहेत, तिथे मराठी चालेल असं पहिल्याच दिवशी सांगून टाका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्या मुलांची यादी कार्यालयातून वर्गात येते आणि आपण ती वाचून दाखवतो. मीही वाचली आहे. कोण कुठल्या प्रवर्गातलं, हे साऱ्या वर्गाला कळतं आणि वर्षभर पुसलं जात नाही. वर्गात मुलांची जात-जमात जाहीर करणं, त्यांच्यावर राखीव प्रवर्गाचा शिक्का मारणं हा भेदभाव आहे, असं यूजीसीच्या २०१२च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. यादी आली तर परत पाठवा. सूचना सगळ्या वर्गाला एकच द्या.

अडचण नेहमी गावाकडच्याच मुलाची असते, असंही नाही. माझ्याकडे एक शहरी, इंग्रजी माध्यमाचा मुलगा होता. टायट्रेशनमध्ये, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडून रंग बदलताच थांबायच्या प्रयोगात, मिथाइल ऑरेंज हा दर्शक घातला की त्याचा अंतिम बिंदू दर वेळी पुढे जायचा. निष्काळजी म्हणून मी त्याला चारचौघांत बोलले. तीन आठवड्यांनी तो एकटा येऊन म्हणाला, “मॅडम, पिवळा कधी बदलतो ते मला दिसत नाही.” त्याला रंगांधत्व होतं. पुढे त्याला पीएच मीटर दिला आणि त्याची रीडिंगं नेटकी येऊ लागली. आता सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्यांकडून एक कागद भरून घ्या : तुमच्याविषयी मला काय माहीत असायला हवं? तो तुमच्याशिवाय कुणाच्या हाती पडू देऊ नका.

तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षिकेकडे मी हे सगळं मागते आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून या आठवड्यात प्रॅक्टिकलला एवढंच बघा : ब्युरेट कुणाच्या हातात आहे, वहीत आकडे कोण लिहितंय आणि परीक्षानळ्या कोण धुतंय. दर वेळी तीच मुलगी नळाशी उभी दिसली, तर पुढच्या वेळेपासून जोड्या तुम्ही लावा आणि कामं दर आठवड्याला बदला.