रक्तातला वारसा आणि मुंबईतला ताप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रक्ताचे आनुवंशिक विकार आणि संसर्गजन्य ताप या दोन्ही विषयांवर गेली अनेक वर्षे परळ भागातील प्रयोगशाळेत काम करताना जे प्रश्न समोरासमोर विचारले जातात, तेच आता पत्रांतूनही येऊ लागले आहेत. त्यांपैकी पाच प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत तिला थॅलेसेमिया मायनर असल्याचे निघाले. ती अशक्त आहे असे समजून आम्ही तिला लहानपणापासून लोहाच्या गोळ्या देत आलो. आता हे लग्न थांबवावे का? सासरी सांगावे का? (एक आई, मुलुंड)

उत्तर : लग्न थांबवण्याचे काहीही कारण नाही. थॅलेसेमिया मायनर असणे म्हणजे केवळ वाहक असणे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी तयार करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. तुमच्या मुलीची एक प्रत कमी काम करते आणि दुसरी तिला आयुष्यभर पुरेल इतके काम करते. आता प्रश्न उरतो तो फक्त होणाऱ्या जावयाच्या रक्ताचा. त्यांची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) पद्धतीने हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. अहवालातील एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार ४ टक्क्यांहून अधिक असेल तर ते वाहक आहेत असे समजतात, ३.५ ते ४ या टप्प्यातला आकडा संशयास्पद मानून पुढे जनुकीय चाचणी करावी लागते. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून त्याच वेळी शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासावे.

जावई वाहक नसतील तर त्यांच्या मुलांना थॅलेसेमिया मेजर, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्याने होणारा गंभीर आजार, होणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मेजरची शक्यता २५ टक्के असते. "चारांत एक" हे ऐकून, पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तिन्ही निरोगी, असा अर्थ अनेक जण लावतात. तो चुकीचा आहे. दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. जावई सिकलसेल किंवा हिमोग्लोबिन-ई या हिमोग्लोबिनच्या इतर आनुवंशिक बदलांचे वाहक निघाले तरीही मुलाला गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून अहवाल नीट वाचून घ्यावा. दोघेही वाहक असणाऱ्या जोडप्यांना गर्भाची तपासणी १० ते १२ आठवड्यांच्या दरम्यान करता येते. मात्र आई-वडिलांमधला नेमका जनुकीय बदल आधी शोधून ठेवलेला असावा लागतो, आणि त्या कामाला वेळ लागतो. गर्भ राहिल्यावर धावपळ करत आलेली जोडपी मी इतकी पाहिली आहेत की ही तपासणी लग्न ठरल्यावर नव्हे, कॉलेजच्या वयातच व्हावी असे माझे ठाम मत झाले आहे. लग्न ठरल्यावर अहवाल हाती आला की संशयाची नजर मुलीकडेच वळते, हेही त्यामागचे एक कारण आहे.

लोहाच्या गोळ्यांविषयी. मुलीच्या जुन्या सीबीसीचा कागद काढून पाहा. समजा त्यात पेशीचे सरासरी आकारमान (एमसीव्ही) ६२ आणि तांबड्या पेशींची संख्या ५.८ दशलक्ष असेल, तर ६२ ला ५.८ ने भागल्यावर साधारण १०.७ येतात. हा भागाकार १३ च्या खाली असला की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यावा आणि वर असला की लोहाच्या कमतरतेचा. यावरून निदान ठरत नाही, पण पुढची चाचणी कोणती करायची हे कळते. फेरिटिन कमी असल्याशिवाय तिला यापुढे लोह देऊ नका. सासरी अवश्य सांगा, आणि ते मुलीने स्वतः सांगितले तर अधिक बरे. तिच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण ही प्रत तिला तुम्हा दोघांपैकी कुणाकडून तरी आली आहे.

प्रश्न : भावाला व्हायव्हॅक्स मलेरिया झाला. ताप तीन दिवसांत उतरला, तरी डॉक्टर १४ दिवसांच्या गोळ्या घ्यायला सांगतात आणि त्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी करायला लावतात. दोन्हींची खरोखर गरज आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन्हींची गरज आहे, आणि तुमचे डॉक्टर काळजीपूर्वक काम करत आहेत. क्लोरोक्विनने रक्तातले परजीवी मरतात आणि ताप उतरतो, परंतु व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त अवस्थेत दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. अशा वेळी घरातल्यांना वाटते की पुन्हा डास चावला. त्या १४ दिवसांच्या गोळ्या म्हणजे यकृतातल्या या परजीवींसाठी दिले जाणारे प्रायमाक्विन, आणि तो क्रम मध्येच सोडल्यास उपयोग होत नाही.

तांबड्या पेशीला रासायनिक माऱ्यापासून वाचवणारे जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर (एन्झाइम) असते. ज्यांच्यात ते कमी असते त्यांच्या पेशी प्रायमाक्विनने फुटू लागतात. दोन-तीन दिवसांत डोळे पिवळे दिसतात, धाप लागते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असे झाल्यास गोळी तेथेच थांबवून रुग्णालय गाठावे. या औषधाने काहींचेच रक्त का फुटते याचे उत्तर १९५६ मध्ये सापडले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. भारतात आढळणाऱ्या या विकराच्या एका प्रकाराचे नाव "केरळ-कल्याण" असे आहे. तुमच्या शेजारचे स्थानक जगभरच्या जनुकशास्त्रीय याद्यांत आहे, ते यामुळे.

एक खबरदारी घ्यावी. रक्त नुकतेच फुटलेले असताना किंवा बाहेरचे रक्त दिल्यानंतर लगेच ही चाचणी केली तर ती खोटी सामान्य येऊ शकते, कारण नव्या पेशींत हे विकर जास्त असते. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. कमतरता निघालीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असा वेगळा क्रम देता येतो. गरोदर स्त्रीला प्रायमाक्विन देत नाहीत.

याच संदर्भात विचारले जाणारे आणखी एक सांगून टाकतो. कमतरता असलेल्यांनी वर्ज्य करायचा पदार्थ म्हणजे बाकला, इंग्रजीत फावा बीन. इंग्रजी माहितीपत्रक वाचून काही घरांत वालाचे बिरडे बंद झालेले मी पाहिले आहे. वाल ही वेगळी वनस्पती आहे, तिचा येथे संबंध नाही. डांबरगोळ्यांचा संबंध मात्र नक्की आहे. कपाटात डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली जुनी दुपटी न धुता, उन्हात न टाकता नवजात बाळाभोवती गुंडाळली, आणि बाळात ही कमतरता असली, तर त्याला गंभीर कावीळ होऊ शकते. बारशाच्या गडबडीत ही गोष्ट हमखास राहून जाते.

प्रश्न : आनुवंशिक रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत मलेरियाचे काय काम? हे दोन वेगळे विषय नाहीत का? (एक विद्यार्थिनी, दादर)

उत्तर : माझे बहुतेक आयुष्य या एका प्रश्नात गेले आहे. मलेरियाचा परजीवी माणसात आल्यावर थोडा काळ यकृतात आणि नंतर तांबड्या पेशीत राहतो. तिथलेच हिमोग्लोबिन तो खातो आणि तिथेच वाढतो. त्यामुळे त्या पेशीचे प्रथिन, विकर किंवा पृष्ठभाग यांत वारशाने झालेला लहानसा बदलही त्याला अडचणीचा ठरतो. थॅलेसेमिया मलेरियाग्रस्त प्रदेशांतच का अधिक, याचे उत्तर या संरक्षणात असावे, हा तर्क ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. पुढे १९५७ मध्ये ते भारतातच राहायला आले. १९५४ मध्ये संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले की सिकलसेलचे जनुक एकाच प्रतीत असणाऱ्यांना फॅल्सिपेरम या सर्वांत घातक प्रकारच्या मलेरियापासून संरक्षण मिळते. हे संरक्षण गंभीर मलेरियापासून असते. वाहकाला मलेरिया होतच नाही असा त्याचा अर्थ घेऊ नये. दोन्ही प्रती सिकलच्या असलेल्या मुलाला तर मलेरिया फार घातक ठरतो.

म्हणजे ज्या जनुकाने एकेकाळी गावेच्या गावे वाचवली, तेच आज एखाद्या घरातल्या मुलाला आजारी पाडते. हे एकदा समजले की वाहकांकडे दोषी म्हणून पाहणे थांबते, आणि माझ्या दृष्टीने या संशोधनाचे निम्मे मोल त्यातच आहे.

मुंबईपुरते पाहायचे तर येथे मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी डासाचे शास्त्रीय वर्णन लिस्टन यांनी १९०१ मध्ये केले, आणि १९११ च्या अहवालात बेंटले यांनी या डासांची पैदास होणाऱ्या शहरातील विहिरींकडे बोट दाखवले. आज त्या विहिरींची जागा गच्चीवरच्या उघड्या टाक्यांनी आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्याने घेतली आहे. जनुक बदलायला शेकडो पिढ्या लागतात, टाकीवर झाकण घालायला एक दुपार पुरते.

प्रश्न : वडिलांचा रक्तगट कायम ओ असल्याचे सांगितले जाई. शस्त्रक्रियेपूर्वी ओ गटाची एकही पिशवी जुळेना. मग तो बॉम्बे गट असल्याचे कळले. हा आजार आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आजार नाही. ए आणि बी हे घटक ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा घटकच या गटाच्या पेशींवर नसतो. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतील रुग्णांवरून याचे वर्णन प्रसिद्ध केले. शहराचे नाव पुढे बदलले, गटाचे राहिले. भारतात साधारण १०,००० लोकांमागे एकाचा हा गट असतो.

फक्त पेशी तपासल्या तर अहवाल ओ असाच येतो. चूक उघड होते ती सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, उलट बाजूने तपासताना. इतर कोणाच्याही सीरममध्ये ओ पेशी टाकून नळी हलवली की तळाशी बसलेल्या पेशींचे लाल बटण विरघळून एकसारखे होते. बॉम्बे गटाच्या सीरममध्ये ओ पेशींवरच्या एच घटकाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यामुळे ते बटण सुटतच नाही, एकच घट्ट गोळी होऊन नळीत फिरते. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ती नळी तीनदा नव्याने लावली होती.

तुमच्या वडिलांना बॉम्बे गटाचेच रक्त चालेल. त्यांच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकात हा गट असण्याची शक्यता बहुधा चारांत एक असते, म्हणून काका-आत्यांची तपासणी आजच करा, आणि गटाची नोंद असलेले कार्ड वडिलांच्या पाकिटात ठेवा. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर त्यांचेच रक्त आधी काढून साठवता येईल का, हेही रक्तपेढीत विचारा.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. जनुक-उपचाराने हा आजार बरा होतो असे वाचले. तोपर्यंत हायड्रॉक्सीयुरिया बंद ठेवले तर चालेल का? (एक वडील, पालघर)

उत्तर : कृपया बंद करू नका. आपण वाचले ते खरे आहे. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांतील एका जनुकीय नियंत्रकात बदल करून, तांबड्या पेशींना विळ्यासारखे वाकू न देणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. परंतु ती मान्यता १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी होती, बदललेल्या पेशी परत देण्यापूर्वी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि खर्च कोट्यवधींत जातो. हायड्रॉक्सीयुरिया हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवण्याचे काम रोजच्या एका औषधाने, बऱ्याच अंशी करते. वेदनेचे झटके कमी होतात. फक्त ठरल्या वेळी रक्तपेशींची मोजणी चुकवू नये.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीनंतर कार्ड दिले जाते. ते घेतले नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. न्यूमोकोकसची लस झाली आहे का हेही पाहा, कारण सिकलसेलमध्ये प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही काही तासांत गंभीर होतो. पावसाळ्यात मुलगा मच्छरदाणीत झोपू दे, दिवसभर पाणी भरपूर पिऊ दे. आणि ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याच वेळी निघा आणि दारातच सांगा, मुलाला सिकलसेल आहे.